भट्टीच्या खोलीतला झरोका

आमच्या पेश्तरच्या पठारावर बायका लांडग्याला भीत नाहीत, पण दोन उघड्या दारांमधून जाणाऱ्या आरपार वाऱ्याला भितात. मान धरली, वारं लागलं. पोट बिघडलं, वारं लागलं. शेफिका तर या बाबतीत साऱ्या गावावर वरताण. धुराडी साफ करणारा हिल्मो पानगळीच्या दिवसांत येऊन सांगून गेला होता, "काकू, धुराड्याला तडा गेलाय, निम्मं काजळीनं भरलंय. उन्हाळ्यात नवं बांधा, आणि तोवर भट्टीच्या खोलीतला झरोका उघडा ठेवा." तिनं त्याला कॉफी पाजली, मान डोलावली, आणि तो वळणापलीकडे जाताच झरोक्यात लोकरीचं पोतं कोंबलं. घर गरम ठेवणाऱ्या त्या भट्टीच्या भिंतीपलीकडे तिचा नवरा रागिब झोपायचा. पोरांनी केव्हाच परदेश गाठला होता, तिला आता तेवढाच एक माणूस उरला होता.

जानेवारीत रागिबनं अंथरूण धरलं. आधी डोकं, मग उलट्या. चौथ्या दिवशी तो तिला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागला. कुठूनतरी वारं येतंय, शेफिकानं ठरवून टाकलं. तिनं खिडकीच्या फटींना खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, दाराखाली त्याचा जुना कोट सारला. जितकं बुजवावं तितका माणूस खचत चाललेला. गाल तेवढे लाल होते, त्यावरच ती बिचारी आशा धरून होती. तिचं स्वतःचं डोकं ठणकत होतं, पण तिकडे बघायला सवड कुणाला?

पाचव्या दिवशी सकाळी तिनं रुग्णवाहिकेसाठी फोन केला. रस्ता बर्फाखाली होता, यंत्र येऊन तो मोकळा करेपर्यंत संध्याकाळ होणार होती. त्यात भट्टी नीट जळेना, ज्वाळा पिवळट आणि मरतुकडी झालेली. खोली आणखी गरम व्हायला हवी, म्हणून तिनं हिल्मोला फोन लावला.

"झरोका उघडा आहे ना, काकू?"

"आहे की."

"मग जळायला काय धाड भरली तिला? घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

"यांचं दुखतंय. माझंही."

हिल्मोनं विचारलं, "तुमचं मांजर भट्टीपाशी झोपतं ना? कुठाय ते?"

"त्या मेल्याला काय झालंय कोण जाणे. दोन दिवस घरात पाऊल टाकत नाही. लाकडांच्या ढिगावर बसलंय, त्या बर्फात."

"काकू, त्याला कळलं आणि तुम्हाला कळेना? झरोका खरंच उघडा आहे का?"

"पोतं कोंबलंय रे त्यात," शेफिका म्हणाली.

"भट्टीतला विषारी वायू घरात साचलाय, तो दिसत नाही की वास येत नाही. त्यांना बाहेर काढा."

"मला उचलवत नाहीत रे ते."

"मग हवा आत घ्या. दारं, खिडक्या, सगळं उघडा. निखारे बादलीत भरून बाहेर टाका. पाणी ओतू नका, आणि तिथं रेंगाळू नका. रुग्णवाहिकेला मी कळवतो."

तिनं पोतं उपसलं, दारं सताड उघडली, धापा टाकत निखारे अंगणात फेकले. रागिबच्या खोलीतल्या खिडकीपाशी मात्र तिचे हात थिजले. बाहेर उणे अठरा. आपण यांना आपल्या हातानं मारतोय, असंच तिला वाटत होतं. तिनं पट्ट्या नखांनी ओरबाडून काढल्या आणि कडी ओढली. वारं घरातून आरपार गेलं.

घरातल्या सगळ्या रजया तिनं त्याच्यावर टाकल्या, टोपी कानांवर ओढली. तरीही तिचं मन मानेना. हिल्मोचं बोलणं तिला पटलं होतं, पण म्हणून वाऱ्याची भीती गेली नव्हती. शेवटी तिनं खुर्ची ओढली आणि पलंग नि खिडकी यांच्या मधोमध, वाऱ्याकडे पाठ करून बसली. लागायचंच असेल तर मला लागो.

तास गेला, दुसराही गेला. पाठ बधिर झाली, दात वाजायला लागले. रागिबचा श्वास चाललाय की नाही, हे ती पुनःपुन्हा वाकून बघत होती.

दुपार कलताना त्यानं डोळे उघडले. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"शेफिका," तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचं नाव. "सरक तिथून. वारं लागेल तुला."

ती रडायला लागली, पण जागची हलली नाही.

"लागू दे," ती म्हणाली.