उमेरा मॅडमचं विरजण

उमेराला धानातलं एक प्रथिन हवं होतं. पाणी तुटलं की रोपाच्या पेशीत ते मुकादमासारखं उठतं आणि बाकीच्यांना कामाला लावतं. रोपातून ते चिमूटभरही हाती लागत नाही, म्हणून त्याचा जीन जिवाणूंत घालून तिने त्यांनाच ते बनवायला लावलं होतं. जिवाणू बनवतही होते, पण गुठळ्या करून, आणि गुठळ्यांचा काडीचा उपयोग नव्हता. तिच्या पीएच.डी.च्या नागपूरच्या सरांनी सांगून टाकलं, या खेपेला प्रथिन विरघळलेलं मिळालं नाही तर विषय बदला. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

थंडीत जिवाणू सावकाश काम करतात आणि गुठळ्या कमी होतात. ती शिकवायची त्या गडचिरोलीच्या कॉलेजात गारव्याचं यंत्र कुठलं असायला? पण जानेवारी फुकट होता. जिवाणूंचा फ्लास्क हलवणारं यंत्र तिने मागच्या व्हरांड्यात मांडून संध्याकाळी चालू केलं. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या गिरजाबाईंनी हे काय म्हणून विचारलं, तर विरजण लावलंय समजा, असं सांगून ती घरी गेली. इथेच माशी शिंकली.

सकाळी येऊन पाहते तो यंत्र बंद. फ्लास्क आत कोपऱ्यात, गिरजाबाईंच्या शालीत गुंडाळलेला. ती शाल बाईंनी वडशाकडची नाटकं रात्रभर उघड्यावर बसून पाहायला घेतलेली, तेव्हा किती जाड असेल बघा.

"काऊन बंद केलं, बाई?"

"विरजण कोणी हालवते का, मॅडम? अन् थंडीत उघडं ठेवते का?"

उमेराचा तोल गेला. माझी दोन वर्षं तुम्ही मातीत घातली, असंही ती बोलून गेली. गिरजाबाईंनी शालीची घडी केली.

फेकण्याआधी बघावं म्हणून तिने जिवाणू फोडले, गुठळ्या तळाशी बसवल्या आणि वरचं पाणी जेलवर चालवून तपासलं. जिथे आजवर कोरं असायचं, तिथे विरघळलेल्या प्रथिनाचा पट्टा ठसठशीत उमटला होता. न हलवल्याने हवा कमी पडून जिवाणू सुस्तावले असावेत. तिला रडूच आलं. तेव्हाच माफी मागायला हवी होती, पण शिकलेली मान वाकायला वेळ लागतो.

सर म्हणाले, पुन्हा करून दाखवा. शालीचं त्यांना कसं सांगणार, म्हणून तिने पुस्तकाप्रमाणे केलं, यंत्र लावून, घडीघडी झाकण काढून बघत. गिरजाबाई शेजारी झाडत होत्या. सकाळी पुन्हा गुठळ्या.

शेवटी ती बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "मी चुकली, बाई. तुमची शाल पाह्यजे."

गिरजाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "शाल देतो. पण झाकीन मी अन् उघडीनबी मीच. तुमच्या हाताले दम नाई."