मागे ठीक, पुढे ठीक

"चूक माझीच हो, कुरामोचीसान. माझ्यापायी गाडी खोळंबली," असं म्हणत इवाईआजी फलाटावर बसल्या बसल्याच मला वाकून नमस्कार करत होत्या. गुडघा फुटलेला, तळहात सोलवटलेले, आणि वर माफी त्याच मागत होत्या!

मी काय केलं? मीही वाकलो. आमच्या मिझुसे गावात दोन माणसं एकमेकांपुढे वाकायला लागली, की चूक खरी कोणाची हे विचारायचं राहूनच जातं.

झालं होतं असं. नऊ चाळीसची गाडी. सदतीस वर्षं करत आलो तसा मी पांढऱ्या हातमोज्यातला हात ताठ केला, गाडीच्या शेपटाकडे बोट दाखवून "मागे ठीक!" पुकारलं, तोंडाकडे दाखवून "पुढे ठीक!" पुकारलं आणि शिट्टी फुंकली. मागच्या दारात आजींचं कापडी बोचकं अडकलं होतं आणि त्याची गाठ त्यांच्या मनगटाला होती. गाडीने त्यांना चार पावलं फरफटत नेलं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, म्हणून निभावलं.

बोट दाखवून पुकारायचं ते डोळ्यांनी नीट बघावं म्हणून. माझं उलटंच झालं होतं. हात आपला उठायचा, तोंड आपलं बोलायचं. उन्हाळ्यापासून मला फलाटाचं मागचं टोक धुरकट दिसत होतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. मार्चअखेर निवृत्ती, पाच महिने कसेबसे ढकलायचे, एवढाच माझा भित्रा हिशोब.

स्टेशनमास्तर नागुमो माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी अहवाल लिहूनच ठेवला होता.

"प्रवासी घाईने चढत असताना, असं लिहिलंय. आजींनी स्वतःच कबूल केलंय. तुम्ही पुकारलं होतंत ना?"

"पुकारलं होतं."

"मग झालं तर! ड्रायव्हरनेही ऐकलंय. इथे सहीच्या जागी तुमचा शिक्का मारा."

मी मारला.

पुढच्या मंगळवारी आजी आल्या, त्या बोचक्याशिवाय. हातात मिठाईचा डबा.

"तुम्हा सगळ्यांना त्रास झाला, म्हणून हे. आता नाही हो येणार मी. म्हातारीने गाडीच्या वेळा बिघडवू नयेत."

त्यांचे यजमान तीन स्टेशनं पलीकडच्या इस्पितळात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आजी त्यांना शिजवलेला भोपळा घेऊन जायच्या.

"अहो, मग आजोबा?" मी विचारलं.

"त्यांना निरोप धाडलाय. बरोबर केलंस, म्हणाले. भोपळा तेवढा चार घास खायचे, बाकी कशाला तोंड लावत नाहीत. पण असू दे."

नागुमोसाहेब दोन्ही हातांनी डबा स्वीकारत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आजी, मला तुम्ही दिसला नाहीत."

"मीच दारात रेंगाळले ना, माझंच—"

"तसं नाही. मला दिसतच नाही. किती महिने झाले."

डबा साहेबांच्या हातात तसाच राहिला. "कुरामोचीसान, काय बोलताय! शिक्का मारलाय तुम्ही!"

"मारला. तोही न वाचता."

मी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. आजी पुन्हा वाकायला लागल्या, तशी मी त्यांना खांद्याला धरून सरळ केलं. प्रवाशाला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे.

त्याच दिवशी मला फलाटावरून उतरवलं. आता मार्चपर्यंत हरवलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या लावायच्या. घरी बायको रागाने दोन दिवस बोलली नाही. नोकरीवरून नव्हे, डोळे लपवले म्हणून.

शुक्रवारी मी सुट्टी काढली, आजींना घरी जाऊन आग्रहाने घेऊन आलो, तिकीट काढलं आणि नऊ चाळीसला आजींशेजारी बसलो. बोचकं माझ्या मांडीवर होतं. भोपळा अजून कोमट होता.

बाहेर नागुमोसाहेबांनी पुकारलं, "मागे ठीक!"

माझा उजवा हात खांद्यापर्यंत उठला.

"हात दुखतोय का हो?" आजींनी विचारलं.

"नाही. सवय," मी म्हणालो आणि हात खाली घेऊन बोचक्याच्या गाठीवर ठेवला.