पिवळ्या कड्याचा क्रौंच

पक्षी-संगोपन केंद्राच्या दाराशी एक पाटी होती. पाटीवर अक्षरं नव्हती, ओठांवर बोट ठेवलेला एक चेहरा होता फक्त. आत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि आवाजही तिथेच ठेवायचा, असा त्याचा अर्थ. मावशीला या नियमाचा कधी जाच वाटला नव्हता, आणि ताई गेल्यापासून तर तो तिच्यासाठीच केलाय असं वाटावं इतका तो तिला मानवला होता.

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. ती तिथे इतकी जुनी होती की डॉक्टरपासून मासळीच्या गाडीवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. तिचं काम क्रौंचाची पिल्लं वाढवण्याचं. या जातीचे क्रौंच जगातून जवळजवळ संपले होते. अंडी उत्तरेकडच्या एका देशातून उबदार पेटीत घालून विमानाने यायची, खर्च भलताच कुठला देश करायचा, पिल्लं इथे वाढायची, आणि मोठी झाली की दूरच्या एका दलदलीत सोडली जायची. त्या दलदलीतले क्रौंच मावशीच्या जन्माआधीच नाहीसे झाले होते. या सगळ्या देशांची मिळून एक समिती होती. समितीत कशावरून ना कशावरून जुंपलेली असते, असं डॉक्टर सांगायची. पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं: पिल्लाला माणूस कळता कामा नये. ज्याला माणूस आपला वाटला ते पाखरू पुढे शेतात, रस्त्यावर, बंदूकवाल्यासमोर, कुठेही विश्वासाने जाऊन उभं राहतं. असं पाखरू सोडत नाहीत. ते जन्मभर जाळीत राहतं.

म्हणून पिल्लांसमोर मावशी मावशी नसायची. डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत पांढरा झगा, चेहऱ्यावर जाळीचा बुरखा, आणि उजव्या हातात कोपरापर्यंत चढवलेली क्रौंचाची खोटी मान. बोटं हलवली की तिची लांब चोच उघडायची, मिटायची. त्या चोचीने दाणे उचलून दाखवायचे, चिखलात चोच खुपसून किडे कसे शोधायचे ते शिकवायचं. कमरेला एक छोटा स्पीकर असे, त्यातून क्रौंच-आईची घरघर चालू राही. बोलायचं नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर बाहेर पळायचं.

"तुझ्या पोरांचं बरंय," तिचा नवरा म्हणायचा. तो निवृत्त बस ड्रायव्हर, आणि तोंडाला विश्रांती नाही असा माणूस. "त्यांना कागदपत्रं, विमानाचं तिकीट, उतरायला दलदल. मी जन्मभर गाडी चालवली ती त्याच डेपोतून निघून त्याच डेपोत यायला."

पूर्वी मावशी यावर काहीतरी खोचक बोलायची. आता नुसतं "हं" म्हणायची.

ताई, तिची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. रोज कामावरून येताना मावशी तिच्याकडे डोकवायची आणि दिवसभर तोंड मिटून जे साठलं असेल ते तिथे ओतायची. विशेष काही नसायचंच. हिवाळा सरता सरता ताई गेली. हॉस्पिटलात, भर दुपारी, मावशी औषध आणायला खाली गेली होती तेवढ्यात. मावशी रडली नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, एकदा बांध फुटला की मोकळी होईल. बांध काही फुटला नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, मग आपलाच गाल चाचपला तर तो दुसऱ्या कुणाचा वाटतो. तिला सगळंच तसं वाटायचं. घर, जेवण, नवऱ्याची बडबड. त्याच रस्त्याने ती घरी यायची, ताईच्या दारावरून पुढे जायची, आणि काही होत नसे.

त्या वर्षीच्या पिल्लांत पिवळा सगळ्यांत उंच होता. नावं ठेवायची नाहीत असाही नियम होता, पण पायात पिवळं कडं म्हणून पिवळा, एवढी पळवाट सगळ्यांनी काढली होती.

एका सकाळी मासळीची गाडी भलत्याच बाजूने आली. मावशी कुंपणाबाहेरच्या वाटेवर होती, साध्या कपड्यांत. "इथे नको रे बाबा, मागच्या दाराला लाव," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण कुंपणाच्या फळ्यांपलीकडे ऐकू जाईल इतपत. आतली पिल्लं एकदम दचकली आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे पळाली. एकटा पिवळा उलटा धावत फळ्यांपाशी आला. फटीत चोच घालून तो घरघर करू लागला.

डॉक्टर जवळच होती. वयाने मावशीच्या लेकीसारखी, स्वभावाने शांत.

"मावशी, परत काहीतरी बोला बघू."

"काय बोलू?"

तेवढं पुरलं. चोच फटीतून आणखी पुढे आली.

"हा तुमचा आवाज ओळखतो."

"कसा ओळखेल? आत मी तोंड उघडत नाही."

पुढचं खाणं द्यायला मावशी झगा घालून आत गेली, तेव्हा डॉक्टर फळ्यांना कान लावून उभी राहिली. मावशी बाहेर आली, बुरखा काढला, तेव्हाही ती तिथेच होती.

"मावशी, तुम्ही बोलता."

"मी?"

"सबंध वेळ. अगदी हळू. कांदे महागले, जिन्यातला दिवा परत गेला, कुणीतरी चष्मा हरवलाय..."

"यांनी. यांनी हरवलाय."

"आणि मधूनमधून 'ताई' म्हणता."

मावशीने झगा खुंटीला लावला. आपण मनातल्या मनात बोलतो अशी तिची समजूत होती. बुरख्यात स्वतःचा श्वासच इतका मोठा ऐकू येतो, त्यात कमरेला ती घरघर. बाकी काही कानापर्यंत येतच नाही. रोजचं खाणं देता देता ती ताईला रोजचं सांगत होती, आणि ते पिवळा ऐकत होता.

"मग आता?" तिने विचारलं.

"समितीची तपासनीस पुढच्या आठवड्यात येतेय. साध्या कपड्यांत पिल्लांमधून चालणार, बोलणार. जो पुढे येईल तो जाळीत राहणार." डॉक्टरने नजर फटीकडे वळवली. "एक करता येईल. घाबरवायचं. झगा न घालता आत जायचं, ओरडायचं, पत्रा बडवायचा, अंगावर धावून जायचं."

"करा मग."

"मी करून काय उपयोग? बाकी सगळ्या माणसांना तो घाबरतोच. तुम्हाला नाही घाबरत."

घरी नवऱ्याने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा खुलला. "ओरडायचंच ना? त्यात काय. मला क्रौंच समज. लग्न झाल्यापासून सराव आहे तुझा."

मावशी पाण्याचा घोट तोंडात धरून बसली होती. गिळत नव्हती.

"हे काय आता?"

तिने घोट गिळला. "उद्यापासून झगा घातला की तोंडात पाणी धरणार. म्हणजे बोलता येणार नाही."

"कमाल आहे. लोक मूग गिळून गप्प बसतात, तू पाणी धरून." तो हसला, मग त्याचं हसू ओसरलं. "माझ्या चष्म्याचं पाखराला सांगितलंस होय? मला नाही विचारलंस, सापडला का म्हणून."

"सापडला का?"

"फ्रिजवर होता," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून बसला.

पहिल्या दिवशी मावशी घरच्या स्वेटरात आत गेली. हातात पत्रा, दुसऱ्या हातात लाकडी दांडा. पिल्लं पांगली. पिवळा मान वर करून उभा राहिला. ओरडायचं म्हणून तिने तोंड उघडलं, पण घशातून नुसतं "हुश" आलं. ते ऐकताच तो लगबगीने आला आणि तिच्या स्वेटरचं बटण चोचीने तपासू लागला. दुसऱ्या दिवशी तिने पत्रा बडवला. तो दचकून मागे सरला, पण पळाला नाही. हिला आज झालंय काय, असं बघत राहिला. फळ्यांमागून डॉक्टर हातवारे करत होती: पुढे व्हा, पुढे व्हा.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते मावशीला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. तो जवळ येत होता, नेहमीसारखा, काहीतरी ऐकायला मिळेल अशा बेताने. आणि तिच्या तोंडून निघालं, "जा. जा म्हणते ना. इथे कुणी नाहीये." दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज चढला. तिसऱ्यांदा तिने पत्रा त्याच्या पायांपाशी भिरकावला आणि दांडा उगारून धावली. पिवळा वळला, चिखलात घसरला, मानेवर पडला, धडपडत उठला आणि पंख पसरून पळत सुटला. ती मागे धावत राहिली. कुंपणाच्या कोपऱ्यात त्याला गाठून ओरडत राहिली. डॉक्टर आत येऊन तिचा हात धरून "पुरे, मावशी, पुरे" म्हणेपर्यंत.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. आता काहीतरी वाटेल म्हणून तिने वाट पाहिली. घसा दुखत होता. खांद्यातून कळ येत होती. बाकी काही नाही.

थोड्या वेळाने पाण्याचा घोट घेऊन, झगा घालून ती खाणं द्यायला गेली. पिवळा दूरच्या वेताच्या बेटाला चिकटून उभा होता, पिसं फुलवून, थरथरत. पांढरा झगा दिसताच तो धावत आला. दाण्यांकडे त्याने पाहिलंही नाही. झग्याच्या बाहीखाली त्याने डोकं खुपसलं आणि तसाच उभा राहिला. त्याची थरथर तिच्या बरगड्यांपर्यंत येत होती. तिच्यापासून पळून तो तिच्याकडेच आला होता. मावशीने चोचीने त्याची पाठ विंचरली. तोंडात पाणी होतं.

तपासनीस येईपर्यंत हे रोज चाललं. सकाळी दांडा, नंतर झगा.

तपासनीस उंच बाई होती. बुटांना कुठल्या कुठल्या देशांतला चिखल वाळलेला. पिल्लांमधून ती सावकाश चालत गेली, आपल्या भाषेत काहीबाही बोलत. सगळी दूर सरली. पिवळाही. बाहेर येऊन तिने समाधानाने मान हलवली. डॉक्टरने श्वास सोडला.

"माझा आवाज राहिला," मावशी म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. राहू द्या की, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

"त्यांना सांगा. तिथे दलदलीच्या कडेने बाया जात असतील. एखादीचा आवाज माझ्यासारखा असला म्हणजे?"

डॉक्टरने तपासनिसाला सांगितलं. तिने थोडा विचार करून मावशीला आत जायची खूण केली.

मावशी आत गेली. हातात दांडा नव्हता. ओरडून उपयोग नव्हता, ओरडल्यावर कुणीही पळेल. ती वेताच्या बेटापासून थोड्या अंतरावर थांबली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "ताई, कांदे परत महागले."

पिवळ्याने मान वर केली. एक पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी धरून ऐकत राहिला. मावशी पुढे बोलत राहिली, जिन्यातला दिवा दुरुस्त झाला, चष्मा फ्रिजवर होता. फळ्यांमागे कुणी हललं नाही. मग तो पाय खाली आला, मागच्या बाजूला. पिवळा वळला आणि बाकीच्यांच्या घोळक्यात पार आत घुसला. मावशीला त्याची फक्त पाठ दिसली.

तपासनिसाने होकार दिला. डॉक्टरने मावशीचं कोपर दाबलं, ते तिला झग्यावरून दाबल्यासारखं लागलं. पण अंगावर झगा नव्हता.

पिल्लं नेण्याच्या दिवशी मावशीने नेहमीसारखा घोट घेतला. चोच पुढे, पिवळा मागे, असे दोघे लाकडी पेटीपर्यंत चालत गेले. पेटीत शिरण्याआधी तो थबकला, हातातल्या चोचीवर त्याने आपली चोच घासली. फळी खाली आली. मग फळीच्या भोकातून नुसतं चोचीचं टोक दिसत होतं, तेही गाडी हलली तसं दिसेनासं झालं.

बुरखा काढल्यावर तिच्या लक्षात आलं की पाणी अजून तोंडातच आहे. ते कोमट झालं होतं. थुंकावं की काय, तिला ठरवता येईना. शेवटी गिळलं.

"आता बोलायला हरकत नाही, मावशी," डॉक्टर म्हणाली.

"हो," मावशी म्हणाली आणि झगा धुवायला घेऊन गेली.

घरी जाताना ती ताईच्या दारावरून गेली. दाराला नवीन रंग लावला होता. ती पुढे गेली.

नवरा दारातच होता. "गेला?"

"गेला."

"जाताना काही बोलला का?"

तिने चपला काढल्या, खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "कांदे परत महागलेत."

"माहितेय. मीच आणले सकाळी," तो म्हणाला. आणि मग, ती तेवढ्यावरच थांबेल या भीतीने, घाईघाईने खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "पण तू सांग."