क्लिफर्डची दुरुस्ती

माझा मेहुणा क्लिफर्ड वाईट माणूस नाही, हे मला हल्ली रोज स्वतःला बजावावं लागतं.

तो डॉक्टरचा मुलगा, सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेली. आम्ही बहिणी इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या लोकरगिरणीत राबलेल्या. इथे माणसाने तोंड उघडलं की त्याचं घर कळतं. आम्ही बसतो ती सेटी, त्याच्या घरचे बसतात तो सोफा. आम्ही तोंड पुसतो सर्व्हिएटने, ते नॅपकिनने. वस्तू एकच, पण आपला शब्द निघाला की समोरच्याच्या भुवया वर जातात. माझ्या बहिणीने, डोरीनने, क्लिफर्डशी लग्न झाल्यावरही आपला एकही शब्द सोडला नाही. तो टोकायचा, "सोफा, राणी." ती म्हणायची, "मग जा, बस तुझ्या सोफ्यावर. मी माझ्या सेटीवर पाय पसरते." सगळा संसार असाच झाला. तेव्हा मला त्याचा नुसता संताप यायचा.

मार्चमध्ये डोरीनला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा बसली. समजत मात्र सगळं होतं. बोलायचे धडे द्यायला मिस पिकार्ड नावाची मुलगी यायची. तिने पहिल्याच दिवशी क्लिफर्डला बजावलं.

"पहिला शब्द कसाही येऊ दे. अर्धामुर्धा, चुकीचा, शिवी आली तरी चालेल. दुरुस्त करायचं नाही. एकदा खजील झाल्या तर तोंड मिटून घेतील, मग माझ्या हातात काही नाही."

"एवढं कळतं मला," क्लिफर्ड म्हणाला.

"तुला कळतं रे, तुझ्या जिभेला सांग," मी म्हटलं.

एका रविवारी मी बीफ भाजून नेलं होतं. जेवताना डोरीनने काटा खाली ठेवला. मला वाटलं, घास अडकला. तिचे ओठ थरथरत होते, कपाळावर घाम आला होता. आणि मग अगदी स्वच्छ शब्द आला.

"टॉयलेट."

क्लिफर्डचे डोळे भरून आले. त्याने टेबलावरून तिचा हात धरला आणि हसून म्हणाला, "लॅव्हेटरी, राणी."

त्याचा चेहरा मी पाहिला. तो तिला शिकवत नव्हता. तिच्या उलट उत्तराची वाट बघत होता, आता येईल म्हणून. डोरीनने खरंच उत्तर शोधलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी उठून तिच्यापर्यंत पोचेपर्यंत खुर्चीखाली थेंब पडू लागले होते.

गिरणीतल्या मुकादमाला भर खात्यात गप्प करणारी माझी बहीण मान खाली घालून रडत होती. मी तिला आत नेऊन स्वच्छ केलं, परकर बदलला. बाहेर आले तेव्हा क्लिफर्ड गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होता.

त्यानंतर डोरीनने प्रयत्नच केला नाही. मिस पिकार्ड उन्हाळाभर आली, मग यायची थांबली.

काही ऐकू आलं नाही की आम्ही 'पार्डन?' म्हणतो. क्लिफर्डच्या लेखी याच्याइतका गावंढळ शब्द नाही, तो शब्द बोलणाऱ्या मुलाला तो वर्गात उभं करायचा. काल मी चहा घेऊन डोरीनच्या खोलीत गेले, तर तो तिच्यापुढे वाकला होता, कान तिच्या तोंडाजवळ नेऊन.

"पार्डन?" तो विचारत होता. "पार्डन, डोरीन?"

ती काहीच बोललेली नव्हती.