समोरच्याचा उजवा

उजवा पुढे. डावा मागे. टाळी.

दाराशी मुलींच्या बुटांची रांग. शेवटी नऊ नंबरचे काळे, लेस न सोडता काढलेले.

श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. (हे तो एक्स-रे काढताना दिवसातून साठ वेळा म्हणतो.)

घरी फ्रीजवर लावलेला नाचाच्या वर्गाचा कागद: लागोपाठ तीन गैरहजेऱ्या झाल्या की कार्यक्रमातली जागा गेली. अडचण असेल तर घरातल्या कुणीतरी येऊन शिकून जावं.

"काका, तुम्ही माझ्या पायावर उभे आहात."

एक्स-रेवाला बाजूला सरकला आणि दुसऱ्या मुलीवर आदळला. बारा-तेरा वर्षांच्या अठरा मुली आणि एकोणिसावा तो, कामावरून थेट आलेला, खिशाला पेन. लेक घोटा धरून बसली त्याला दोन आठवडे झाले. दोन वर्ग बुडाले. आजचा तिसरा. तिच्या आईची संध्याकाळची पाळी. मग उरलं कोण?

नाच शिकवणारी ताई मुलींकडे तोंड करून उभी होती. "उजवा!" म्हणत तिनं स्वतःचा डावा पाय उचलला. अठरा उजवे पाय वर गेले. एक डावा.

"काका, उजवा."

"ताई, तुम्ही डावा उचललात."

"मी डावा उचलते, म्हणजे समोरून आरशासारखं दिसतं."

"मला डावाच दिसतो. समोरच्याचा उजवा तो त्याचा उजवा. सव्वीस वर्षं हेच करतोय. आमच्याकडे यात घोळ झाला तर भलताच हात प्लास्टरमध्ये जातो."

"इथे फक्त टाळी चुकते. चला, पुन्हा."

पुन्हा. मग पुन्हा. गाणं दर वेळी मध्येच थांबायचं आणि अठरा माना मागे वळायच्या. त्याचा शर्ट पँटमधून बाहेर आला होता. कुणीतरी खुसखुसलं. कुणाच्या बापानं सांगितलं होतं हे, असं त्याच्या मनात आलं, आणि आपणच बाप आहोत हे आठवून तो आणखी चिडला.

"ओ काका, फुलीवर!"

ही फुटाणी. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. जमिनीवर प्रत्येकीच्या जागी चिकटपट्टीची फुली होती. तिनं बोट दाखवलं ती शेवटच्या रांगेत, खांबामागे.

"ही माझ्या लेकीची? ती तर पहिल्या रांगेत असते."

"होती. मागच्या महिन्यात ताईंनी मागे टाकली. सगळ्यांसमोर." फुटाणीनं एक गिरकी मारून घेतली. "सांगितलं नाही तिनं?"

तो फुलीवर जाऊन उभा राहिला. तिथून ताईचा एक हात आणि एकच पाय दिसत होता. उरलेला अर्धा तास तो तिथून हलला नाही.

घरी लेक सोफ्यावर होती. पाय उशीवर, घोट्याला पट्टी.

"खरंच गेलास? नाचलास?"

"नाचलो कसला. नुसता वैताग. बघ." त्यानं टेबल भिंतीला लावलं. डावा पुढे. उजवा मागे. टाळी.

"उलटं."

"मग हे?" डावा पुढे. उजवा मागे. टाळी.

"तेच केलंस! अरे उजवा, बाबा, उजवा!"

"हाच उजवा."

"काय डोकं आहे की खोकं! सरक." ती तणतणत उठली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. उजवा पुढे. डावा मागे. टाळी. मग त्या घोट्यावर एक गिरकी, पूर्ण.

ती थांबली. आधी पायाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

त्यानं टेबल आणखी जरा सरकवलं.

"खांबामागून नीट दिसत नाही," तो म्हणाला. "परत दाखव."

मग पट्टीचं सुटलेलं टोक तिनं आत खोचलं.

"टाळी तीनवर मारायची," ती म्हणाली. "तू दोनवरच मारतोस."

तिच्या घोट्याचा एक्स-रे दोन आठवड्यांपूर्वी त्यानंच काढला होता. साधी सूजही नव्हती.