घमेल्यावर बसलेला देव

हे तुम्ही मानणार नाही, पैजेवर सांगतो. तलावातल्या मरळीने माझा डोंगा ओढत थेट वैनगंगेत नेला, हे मी सांगितलं तेव्हा अख्ख्या गावाने माना डोलावल्या. पण बाबाचा देव पिंजऱ्यात झोपतो असं म्हणालो, तर मलाच पारावरून उठवलं.

साल दोन हजार आठ. मार्कंड्याच्या जत्रेहून परतताना पवनबाबा आमच्या तलावाच्या पाळीवर उतरला. दिवेलागणीला समाजमंदिरात माणसावर माणूस. बाबा डोळे मिटून मंत्र पुटपुटे आणि आढ्यावरून मुठीएवढा राखाडी देव चारी पाय ताणून हवेत तरंगत येई, कुणा एकाच्या खांद्यावर बसे. ज्याच्यावर बसला त्याचं दुखणं गेलं म्हणे. मग बाबाचा हुकूम, "देव बसला, आता गोळ्या बंद."

आमचे लोक भोळे असते तर बरं झालं असतं. पण रानातलं एकूण एक जनावर आम्हाला ठाऊक. उडती खार असते मांजराएवढी. हे तर मुठीत मावेल एवढं. म्हणजे हे जनावर नव्हेच, असा सगळ्यांनी निकाल दिला.

मला मात्र बाबाच्या सोवळ्याची शंका आली. देव येण्याआधी खिडक्या बंद, पंखा बंद, पाण्याचे गुंड-हंडे झाकलेले, मांजर बांधलेलं. मी पारावर म्हणालो, हा देव पिंजऱ्यात झोपत असणार, नाहीतर देवाला मांजराचं कसलं भेव? उत्तर काय मिळालं ते वर सांगितलंच.

मासोळ्या विकणाऱ्या वच्छलाची पोर दिव्या, अकरा-बारा वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, रोज गोळ्या घेणारी. वच्छलाचा धाकटा भाऊ लटारू बाबाचा उजवा हात झाला होता. दाराशी उभा राहून तो निवडक लोकांच्या खांद्यावर दुपट्टा टाके. आमच्याकडे पाहुण्याचा मान दुपट्ट्याने करतात. त्यावर कोण शंका घेणार? एका संध्याकाळी त्याने भाचीला दुपट्टा दिला आणि देव नेमका तिच्यावर बसला. वच्छला भावाच्या गळ्यात पडून रडली आणि घरी जाऊन पोरीच्या गोळ्या तलावात टाकल्या.

महिनाभरात पोर हाडं धरून विव्हळू लागली. बाबा म्हणाला, आईच्या मनात पाप आलं. शाळेच्या दामिनीबाईंनी दोघींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वेळेवर नेलं म्हणून वाचली.

खाटेवर पडल्यापडल्या दिव्याने बाईंना सांगितलं, मामाच्या दुपट्ट्याले मुताचा न गोड फळाचा वास येत होता. बाईंना नागपूरच्या मावसभावाचं घर आठवलं. त्याने परदेशी जनावर पाळलं होतं, हवेत तरंगत झेपावणारं मुठीएवढं शुगर ग्लायडर. दिवसा कापडी थैलीत घालून छातीशी बाळगायचा, म्हणजे वास ओळखीचा होतो. संध्याकाळी खोली बंद करून, पंखा थांबवून, पाणी झाकून पिंजऱ्याबाहेर खेळायला सोडायचा. ते त्या वासावर झेप घ्यायचं.

बाबाचं सोवळं म्हणजे जनावराची खेळायची वेळ, आणि दुपट्ट्याचा वास म्हणजे त्याच्या थैलीचा.

बरी झाल्यावर दिव्या बाईंसोबत समाजमंदिरात येऊन बसली. शेजारी म्हातारी सोमारी. लटारूने आज तिला दुपट्टा दिला होता. दिव्याने वास घेतला. तोच वास. बाबाने डोळे मिटताच तिने दुपट्टा ओढून कोपऱ्यातल्या गवंड्याच्या घमेल्यावर टाकला. देव तरंगत आला आणि घमेल्यावर बसला.

"बाबा," दिव्या म्हणाली, "घमेल्यालेबी सिकलसेल आहे का?"

आधी सोमारी हसली, मग सगळे. बाबा मंत्र विसरला.

दामिनीबाईंनी खिडक्या उघडू दिल्या नाहीत, जनावर पळून मरेल म्हणून. ते बाबाच्या थैलीत घालून त्यांनी सगळं समजावलं. शेवटी म्हणाल्या, "आपल्याले एखादी गोष्ट माहीत नाई, तर माहीत नाई म्हणा. विचारा, तपासा. लगेच देव काऊन करता? आन् डॉक्टरले विचारल्याबिगर कोणाच्याबी गोळ्या बंद करू नका."

वच्छला हसली नव्हती. गर्दीतून वाट काढत ती दाराशी गेली.

"लटारू, तुले मालूम होतं?"

"नाई ताई, तुयी शपथ. मीबी फसलो. दुपट्टा बाबाच देत होते, मी नुसता खांद्यावर टाकत होतो."

दिव्या आईच्या मागे येऊन उभी होती.

"खोटं बोलून राह्यले मामा. त्या दिवशी तुमीच ह्या थैलीत हात घातला, आतलं काईतरी मऊ राखाडी उचलून बाजूले केलं न खालचा दुपट्टा काढला. मी पाह्यलं. मले वाटलं, माह्यासाठी लपवून ठेवला."