मागच्या चाकांना ऐंशी

मंडईतल्या व्यापाऱ्यानं एक क्रेट उतरवून घेतला, तळाशी हात घातला आणि लाल झालेला हात माझ्यापुढे धरला.

"बाई, हा माल आणलाय की रस काढून आणलाय?"

लागोपाठ तिसरी खेप. टोमॅटो वरून चकचकीत आणि खाली चिखल. "पुढच्या खेपेला असाच आला तर गाडी इथं उभीच करू नका," म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. भरलेली गाडी तशीच परत निघाली.

गाडी माझ्या धाकट्या दिराची. तिच्यावर दोन घरं चालतात, त्यांचं आणि माझं. गावातल्या तीन घरांनी माल दुसऱ्या गाडीत टाकायला सुरुवात केली होती. वर बोल माझ्या माथी. क्रेट मी आणि माझी जाऊ भरतो ना, मग वहिनी नीट भरत नाही. वीस वर्षं भरतेय, तेव्हा कुणाला दिसलं नाही. म्हणून मी त्या दिवशी केबिनमध्ये बसलेच नव्हते. मागं क्रेटांच्या मधे पोतं अंथरून बसले होते, म्हटलं बघू तरी काय होतंय.

कंबर मोडली तेव्हा कळलं. खड्डा लांबच राहिला, साध्या दगडावरूनही गाडी उडत होती. टोमॅटोचं सोडा, माझे दात एकमेकांवर आपटत होते. नवे टायर टाकून महिना झाला होता आणि माल फुटायलाही महिनाच झाला होता.

मंडईच्या फाटकाबाहेर मी गाडी थांबवायला लावली.

"भाऊजी, टायरांत हवा किती आहे?"

"आहे की भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

"एकशे वीस पौंड. टायरवरच लिहिलंय. वर पाच जास्त घातली."

"पाच कशाला आणखी?"

"टायरांचं पोट सुटल्यासारखं दिसत होतं." त्यांनी हातातली काठी मागच्या टायरवर मारली. टण्ण आवाज आला. "बघा. असा वाजला पाहिजे."

"थोडी सोडा ना त्यातली."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं. "वहिनी, तुम्ही म्हणता हे? तुम्ही?"

आमच्या घरात अकरा वर्षं हवा कमी करायचं नाव कुणी काढलं नव्हतं. माझा नवरा हीच गाडी चालवायचा. पुढच्या टायरात हवा कमी होती, उन्हात धावून तो तापला आणि उतारावर फुटला. गाडी पुलावरून खाली गेली. गाडी दुरुस्त झाली, माणूस गेला. तेव्हापासून भाऊजी चाकं दगडासारखी ठेवतात.

पण माझंही डोकं फिरलं होतं. म्हटलं, "चौकातल्या पंक्चरवाल्याकडे घ्या, नाहीतर मी चालत घरी जाते." गेले नसते, कंबरेत तेवढा जीवच नव्हता. पण भाऊजींना ते कळलं नाही.

पंक्चरवाला म्हातारा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं टायरवरून तळवा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"महिन्यात मधोमध झिजवलास की रे. किती भरलीस?"

"लिहिलीय तेवढी."

"ती जास्तीत जास्त किती झेपते ते लिहिलंय बाबा. तू दगड वाहतोस की टोमॅटो, हे टायर बनवणाऱ्याला काय माहीत? आणि हा रेडियल आहे, तुझे जुने नायलॉनचे होते. ह्याचं पोट जरा सुटलेलंच दिसतं. त्यावरून हवा ठरवायची नसते."

समोरच्या गोदामात वजनकाटा होता. म्हाताऱ्यानं आधी पुढची चाकंच काट्यावर घ्यायला लावली, मग मागची. गाडी भरलेली होती, फुटका माल तेवढ्यापुरता तरी उपयोगी पडला. मग दाराच्या मागं चिकटवलेल्या, किती वजनाला किती हवा सांगणाऱ्या तेलकट तक्त्यावर त्यानं बोट फिरवलं.

"पुढच्या दोन्हींना पंच्याण्णव. मागच्या चारींना ऐंशी."

"ऐंशी?" भाऊजी म्हणाले.

"ऐंशी. पण आत्ता नाही. चाकं तापलीत. गरम टायर मोजायचाही नाही आणि सोडायचाही नाही. लाव सावलीत, दुपार उतरू दे."

आम्ही पत्र्याच्या सावलीत बसलो. मी क्रेटांतले धड टोमॅटो निवडून पुसत होते. हाताला काम असलं की बरं असतं. भाऊजी काठी मांडीवर घेऊन बसलेले.

"वहिनी, ऐंशी माझ्याच्यानं व्हायचं नाही. त्या दिवशी..." एवढं म्हणून थांबले.

"त्या दिवशी हवा तुम्ही बघितली होती. माहीत आहे मला."

त्यांनी मान वर केली नाही.

"ह्यांनी सांगितलं, जरा चाकं बघ रे. तुम्ही काठी मारलीत आणि म्हणालात, ठीक आहे दादा. मी पायरीवर डबा बांधत होते."

"अकरा वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? एक माणूस गेलं होतं, दुसरंही घालवायचं? राग होता मला, नाही कशाला म्हणू. दोन वर्षं तुम्हाला वाढताना हात थांबायचा. मग रागाचाही कंटाळा आला." मी टोमॅटो पुसून क्रेटात ठेवला. "भाऊजी, काठीनं कळत नाही हो. तेव्हा कमी होती ते कळलं नाही, आता जास्त आहे तेही कळत नाही."

शर्टाच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं.

उन्हं कलल्यावर म्हाताऱ्यानं हवेचं गेज आणून दिलं. भाऊजींनी मागच्या चाकाची पिन दाबली. आकडा मला वाचायला सांगितला, त्यांना दिसत नव्हता. एकशे दहा. शंभर. नव्वदला त्यांचा हात मागं आला.

"बस?"

"अजून."

चारही चाकांना नव्वदवर थांबले आणि चारही वेळा मी म्हटलं, अजून.

पुढच्या खेपेला व्यापाऱ्यानं तळाशी हात घातला, कोरडा बाहेर काढला आणि पावती फाडली. एक बरा शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं, पण नाही.

काठी आता टोमॅटोच्या वाफ्यात आहे, एका झाडाला आधार म्हणून रोवली. भाऊजी रोज ऊन चढायच्या आत सहाही चाकांना गेज लावतात आणि मला हाक मारतात. जाऊ म्हणते, त्यांचं ते बघतात, तुम्ही कशाला हातातलं टाकून उठता?

मी उठते. त्या सकाळी मी पायरीवर बसून त्यांना काठी मारताना बघत होते. ह्यांचं गेज केबिनच्या खणात आहे हे मला माहीत होतं. ते लावा एकदा, एवढंच म्हणायचं होतं. डबा अर्धा बांधून झाला होता, मी बोलले नाही.